ओढ्याकाठचं रान, मुलांची वही आणि येऊ घातलेलं सुशोभीकरण

रानवाटा

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, आणि जरा घाईने हवाय.

वेताळ टेकडी पाषाणच्या बाजूला जिथे उतरते, तिथे आमच्या सोसायटीच्या कुंपणापलीकडे एक ओढा आहे. दोन्ही काठ धरून दीडेक एकर मोकळी जागा. मालकी महापालिकेची आहे असं सगळे धरून चालतात. बाभळी, करंज, एक जुना उंबर, बाकी घाणेरी आणि गवत. एका खोलगटात पावसाचं पाणी साठतं, ते दिवाळीनंतरही बरेच दिवस टिकतं. मोठ्यांपैकी कुणी तिकडे फिरकत नाही. राडारोडा टाकायला रात्री टेम्पो येतात तेवढेच.

मुलं मात्र कायम तिथे. ८ ते १३ वयाची आमच्या आणि पलीकडच्या वस्तीतली दहा-बारा पोरं. त्यांनी जागांना नावं दिलीत: खेकडा पॉइंट, भुताचा उंबर, मधली घसरण. माझ्या मुलीकडे एक वही असते, तिच्यात सगळे लिहितात. पहिल्या पावसात पिवळेधमक झालेले बेडूक, मुरमात टिटवीची चार अंडी, धामण दिसली तो दिवस, जूनच्या सुरुवातीला ऐकलेली नवरंगची शीळ. गेल्या उन्हाळ्यात राडारोड्याचा टेम्पो आला तेव्हा याच मुलांनी वॉचमनकाकांना उठवून आणलं होतं.

आता त्या जागेच्या 'सुशोभीकरणाचा' प्रस्ताव आहे. ओढ्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती, पेव्हर ब्लॉकचा जॉगिंग ट्रॅक, लॉन, कारंजं, उंच दिवे. सोसायटीतले बरेच लोक खूश आहेत. मुलं हवालदिल आहेत.

माझे प्रश्न: मुलांच्या या वहीला हरकत नोंदवताना काही वजन असतं का? आणि आम्ही मोठ्यांनी यात किती शिरायचं? आम्ही शिरलो की ती जागा त्यांची राहणार नाही, हीही भीती वाटते.

चाफेकळी

वाचताना पाय शिवशिवले. 'भुताचा उंबर' हे नाव कागदोपत्री कायम करा!

माळरानी

रानवाटाताई, वहीला वजन असतं, पण चार गोष्टी प्रत्येक नोंदीत हव्यात: तारीख, वेळ, नेमकी जागा आणि कुणी पाहिलं. शक्य असेल तिथे फोटो. 'बेडूक दिसले' एवढ्यावर कुणी काही करणार नाही. 'पहिल्या पावसानंतर खोलगटात पिवळे नर बेडूक, फोटो सोबत' ही नोंद आहे. मुलांनी तारखा घातल्याच असतील तर अर्धं काम झालंय.

जुने फोटो असतील तर ते आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर चढवा. तिथे जाणकार मंडळी ओळख पक्की करतात आणि नोंद सार्वजनिक राहते. पक्ष्यांसाठी ईबर्ड. मुलं १३ वर्षांच्या आतली असतील तर खातं मोठ्यांपैकी कुणी चालवावं. नुसतं ओळखायला 'सीक' हे ॲप वापरू द्या, त्याला खातं लागत नाही. एक काळजी घ्या, घरट्याचं नेमकं ठिकाण उघड करू नका. आयनॅचरलिस्टवर ठिकाण अस्पष्ट ठेवायची सोय आहे.

दुसरं म्हणजे, जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या मुलांची वही त्या नोंदवहीत जाण्याच्या लायकीची आहे. समितीकडे रीतसर अर्ज करा, पोच घ्या.

आणि ओढ्याचं काय म्हणता! पुण्यात राहून ओढ्यांना भिंती घालायच्या? २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. आंबिल ओढ्याला पूर आला, वीसहून जास्त माणसं गेली. ओढ्याला पसरायला जागा उरली नाही की तो घरांत शिरतो. काँक्रीटच्या नळीत घातलं की पाणी जमिनीत मुरत नाही आणि खालच्या वस्तीवर जास्त वेगाने जाऊन आदळतं. तुमच्या हरकतीत बेडकांच्या आधी हा मुद्दा लिहा. खोलगटात साठणारं पाणी हेच त्या जागेचं खरं काम आहे.

स्पष्टवक्ता

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नये.

माझी आई ७६ वर्षांची आहे. तिला फिरायला आमच्या भागात एक सपाट रस्ता नाही. ट्रॅक, दिवे, बाकं झाली तर तिच्यासारखे कितीतरी लोक घराबाहेर पडतील. दहा-बारा मुलांच्या खेळासाठी बाकी सगळ्यांनी घाणेरीच्या जाळ्या बघत बसायचं का? शिवाय तिथे साप आहेत हे तुम्हीच लिहिलंय. अशा जागी संध्याकाळी दारू प्यायला लोक बसतात, काचा असतात. साठलेलं पाणी म्हणजे डेंगू. एखाद्या मुलाला काही झालं तर जबाबदार कोण?

पाटीलबुवा

स्पष्टवक्ता, आईंचा मुद्दा शंभर टक्के खरा. डेंगूचा मात्र नाही. डेंगूचा डास माणसांच्या आसपास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. पिंप, कुंडीखालच्या ताटल्या, टायर, कूलर, गच्चीवर पडलेले डबे. ओढ्याकाठच्या जिवंत डबक्यात चतुरांची पिल्लं असतात, पाणकिडे असतात, ते डासांच्या अळ्या खातात. आधी सोसायटीच्या गच्च्या तपासा, आणि हेही काम मुलांना द्या, घराघरांत शिरून शोधतील.

फक्त कुणी उत्साहाने त्या डबक्यात गप्पी मासे सोडू नका. ते आपल्याकडचे नाहीत. बांधीव हौदात ठीक आहेत, ओढ्यात नकोत.

घाटावरचा

मी सर्प-बचावाचं काम करतो म्हणून सापांबद्दल लिहितो.

आपल्याकडे ज्यांच्यापासून जिवाला धोका, असे मुख्य चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. धामण बिनविषारी. मुलांना ती ओळखता आली यावरूनच ती किती लक्ष देऊन बघतात ते कळतं. नियम थोडेच आहेत. घोट्याच्या वर येणारे बूट. गवतात शिरताना काठी आपटत जायचं. बिळात, कपारीत हात घालायचा नाही. अंधार पडायच्या आत घरी. साप दिसला की थांबायचं, मागे सरकायचं, मारायचं नाही, पकडायचं तर नाहीच. मेलेला दिसला तरी हात लावायचा नाही.

दगड उचलून बघायची सगळ्याच मुलांना हौस असते. तेव्हा दगडाची पलीकडची कड जमिनीवर टेकलेली ठेवून आपल्याकडची कड उचलली तर आतलं जे असेल ते थेट आपल्या पायावर येतं. म्हणून उलटं करायचं, पलीकडची कड काठीने उचलायची, म्हणजे दगड मधे राहतो. बघून झालं की दगड होता तसाच, हळूच परत ठेवायचा. त्याखाली कुणाचं तरी घर असतं.

चावलाच तर: आवळून बांधणं नाही, कापणं नाही, चोखणं नाही, मांत्रिक नाही. मुलाला धीर द्या, चालवू नका, तो अवयव हलू देऊ नका, आणि जिथे प्रतिसर्पविष लस आहे अशा रुग्णालयात न्या. ते रुग्णालय कोणतं हे आज शोधून प्रत्येक पालकाच्या फोनमध्ये टाका. विंचवाचंही तेच. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार दाखवून दिला आणि कोकणात कितीतरी जीव वाचले, पण तो डॉक्टरांनी करायचा उपचार आहे. वेळेत पोचणं आपल्या हातात.

कोळथरे_कर

घाटावरचा, सगळं सोडा, खाजकुयली राहिली की! लहानपणी एका भावाने दुसऱ्याच्या सदऱ्यात टाकली होती. आजीने शेणाने चोळून काढला पोराला. सात पिढ्यांत कुणी पुन्हा हात लावला नसेल.

बाकी आम्ही ओढ्यात खेकडे पकडायचो ते नोंदी करायला नव्हे हो, कालवणाला. तुमच्या खेकडा पॉइंटाची बातमी आमच्या गावात कळू देऊ नका.

चाफेकळी

काका, रस्सा कसा करायचा तेही लिहा.

कोळथरे_कर

वेगळा धागा काढतो. इथे मुलं वाचत असतील, खेकड्यांच्या बाजूची आहेत ती.

झेडपी_बाई

मी सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे ओढा नाही, डोंगर नाही, माळ आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य आमच्यापासून लांब नाही. बाहेरून आलेला माणूस माळ बघून म्हणतो, इथे काहीच नाही. माझी तिसरीतली मुलं चंडोल कुठून उडतो, कोल्ह्याची वाट कुठली, खोकड कुठे दिसतं हे सांगतात.

रानवाटाताईंचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मोठ्यांनी किती शिरायचं? माझा अनुभव असा की मोठी माणसं आली की पहिल्यांदा तक्ता करतात, मग स्पर्धा, मग बक्षीस. त्या दिवसापासून मुलं बक्षीस मिळेल तेच बघू लागतात. मुंगळ्यांची रांग तासभर बघत बसणारा मुलगा मागे पडतो, आणि खरं बघणारा तोच असतो.

म्हणून वहीला हात लावू नका. शुद्धलेखन सुधारू नका. 'उडता किडा, हिरवा, चिडका' असं लिहिलं असेल तर तसंच राहू द्या. हरकतीसाठी हवी असेल तर वहीची प्रत काढा आणि त्या प्रतीवरून तुम्ही वेगळी यादी करा. मुलांना एवढंच सुचवा की दर महिन्याला त्याच तीन-चार जागी उभं राहून त्याच दिशेने एकेक फोटो काढायचा. वर्षभराने ते फोटो शेजारी ठेवले की पाणी कुठवर येतं, गवत कधी वाळतं, हे कुणालाही दिसतं. अभियंत्यालाही.

पलीकडच्या वस्तीतली मुलं गटात आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सभेत पुढच्या रांगेत बसवा. बऱ्याचदा ओढ्याची सगळ्यात जास्त माहिती त्यांनाच असते, आणि निवेदनावर नावं मात्र सोसायटीवाल्यांचीच लागतात.

माळरानी

झेडपी_बाई, शेवटच्या परिच्छेदाला हजार वेळा अनुमोदन. पूर आला तर पाणी आधी त्यांच्या घरात शिरणार आहे.

हरितमित्र

सोपा उपाय सांगतो. पावसाळा तोंडावर आहे. मुलांना घेऊन पाचशे झाडं लावून टाका. झाडं लागली की त्या जागेला हात लावायची कुणाची हिंमत होणार नाही. वड, पिंपळ, कडुनिंब, गुलमोहर. रोपं मी मिळवून देतो.

माळरानी

हरितमित्र, तुमची तळमळ दिसते, पण कृपा करून असं करू नका. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्प मोठ्या प्रमाणात लावलं गेलं. लवकर वाढतं, हिरवं दिसतं. पण ते मूळचं मध्य अमेरिकेकडचं, आणि गावाकडे त्याला उंदीरमारी म्हणतात ते उगाच नाही. त्याच्या दाटीत आपलं गवत आणि झुडपं मागे हटली. टेकडीवरचं मूळ रान विरळ झाडांचं आणि गवताचं आहे. वारस, पळस, पांगारा, खैर, बोर, मधे मोकळा माळ. टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते. तिथे पाचशे खड्डे खणले तर तिने जायचं कुठे? गुलमोहर तर मादागास्करचा.

उंबर आहे, करंज आहे, त्यांच्या बिया पडतात, रोपं आपोआप येतात. त्यांच्याभोवती कुणी गवत जाळू नये, गुरं चरू नयेत, एवढं बघितलं तरी दहा वर्षांत फरक दिसेल.

अरवली_ते_अजिंठा

मी गुरुग्रामला असते. इथलं अरवली जैवविविधता उद्यान म्हणजे बंद पडलेल्या खाणींची जमीन होती. २०१० पासून नागरिकांनी, शाळांनी, कंपन्यांनी मिळून तिथे अरवलीतलीच झाडं वाढवली, मुख्यतः धौ आणि त्याच्या जोडीची स्थानिक झाडं. बिया रानातून गोळा केल्या, रोपवाटिका स्वतः चालवली, कारण बाजारात ती रोपं मिळतच नव्हती. २०२२ मध्ये अभयारण्याबाहेरचं संवर्धन क्षेत्र म्हणून देशात पहिली नोंद या जागेची झाली. माझा मुलगा शाळेतून तिथे जायचा. म्हणजे लावणं चूकच असं नाही. खणून उजाड झालेल्या जमिनीवर लावावंच लागतं. रानवाटाताईंची जागा उजाड नाही, ती भरलेली आहे. हा फरक आहे.

हरितमित्र

माळरानी, अरवली_ते_अजिंठा, पटलं. मग रोपांऐवजी राडारोडा उचलायला माणसं आणि एक टेम्पो देऊ शकतो. चालेल?

रानवाटा

हरितमित्र, धावेल! मनापासून आभार.

माहीमकर

आमच्याकडचं उदाहरण. माहीम-धारावीच्या सीमेवरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान ही एकेकाळी कचरा टाकायची जागा होती. सदतीस एकर. आज तिथे शाळांच्या सहली फुलपाखरं बघायला जातात. कचऱ्याच्या ढिगावर रान उभं राहू शकतं तर जिवंत ओढा वाचवणं का अशक्य असावं?

थेम्सकाठी

लंडनमध्ये किंग्ज क्रॉस स्टेशनच्या मागे कॅम्ली स्ट्रीट नॅचरल पार्क आहे. जुन्या कोळशाच्या डेपोची जागा, जेमतेम दोन एकर. तिथे गाड्यांसाठी तळ होणार होता, स्थानिक लोकांनी तो होऊ दिला नाही आणि १९८५ मध्ये निसर्गक्षेत्र सुरू झालं. शाळेची मुलं तिथे जाळी घेऊन तळ्यातले किडे काढतात, पांढऱ्या ताटलीत बघतात, परत सोडतात. आजूबाजूला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या तरी ते दोन एकर आहेत. तुमची जागा दीड एकर म्हणून कुणी कमी लेखलं तर हे सांगा.

पांढऱ्या ताटलीची युक्ती मुलांना जरूर द्या. घरातली जुनी थाळी चालेल.

कायदा_कलम

आधी पायाभूत गोष्ट. 'मालकी महापालिकेची आहे असं धरून चालतात' हे चालणार नाही. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा काढा. विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय ते बघा, झोन दाखला मिळतो. महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांमधल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, तुमची जागा त्यात येते का, पूररेषेत येते का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग माहिती अधिकारात मागा: कामाचा आराखडा, अंदाजपत्रक, कार्यादेश निघालाय का, ओढ्याच्या वहनक्षमतेचा अभ्यास केलाय का. एक झाड जरी तोडायचं असेल तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ लागू होतो, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि नागरिकांना हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणतात. तुमचा उंबर किती जुना आहे? जुन्या रहिवाशांना विचारा, जुने फोटो शोधा. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे, पण तो नंतरचा रस्ता. आधी क्षेत्रीय कार्यालयात लेखी निवेदन द्या, आवक क्रमांकासकट.

स्पष्टवक्ता

सगळं वाचलं. डेंगूचं पटलं, पुराचंही पटलं. पण आईच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलेलं नाही. आणि संध्याकाळी क्लासहून परतणाऱ्या मुलींना अंधारा रस्ता नको असतो, त्याचं काय?

पाटीलबुवा

उत्तर द्यायलाच हवं. मी नकाशा बघितलेला नाही, पण सोसायटीच्या कुंपणालगत, रस्त्याच्या बाजूला, ओढ्यापासून लांब अशी एक सपाट पायवाट होऊ शकेल. मुरूम दाबून केलेली, म्हणजे पाणी मुरतं आणि म्हाताऱ्या गुडघ्यांना पेव्हरपेक्षा बरी. दोन बाकं. दिवे रस्त्याकडे तोंड करून, खाली झुकलेले, पिवळसर उजेडाचे. उंबराकडे आणि पाण्याकडे उजेड नको, काजवे आणि रातकिडे त्याने हैराण होतात. खर्चही कारंज्यापेक्षा कमी.

स्पष्टवक्ता

असा आराखडा कुणी मांडला तर सोसायटीच्या सभेत मी त्याच्या बाजूने बोलेन.

रानवाटा

खालचं माझ्या मुलीने सांगितलंय, मी फक्त टंकते आहे.

"आम्ही सगळ्यांनी वाचलं. दगडाची युक्ती आम्हाला माहीत नव्हती, आता तसंच करणार. टिटवी ओरडायला लागली की आम्ही वरच्या वाटेने लांबून जातो आणि बाकीच्यांनाही सांगतो, म्हणून तिची अंडी फुटली नाहीत. आजींसाठी पायवाट चालेल. पण ती खेकडा पॉइंटवरून नको, कारण तिथे दगडांखाली पिल्लं असतात. पायवाट कुठून जाईल ते आम्ही दाखवू. बोर्ड नको. बोर्ड लावला की लोक फोटो काढायला येतात. कारंजं तर अजिबात नको, आमच्याकडे पाऊस आहे. झेडपी बाई, हिरवा चिडका किडा म्हणजे नाकतोडा निघाला, पण आम्ही नाव बदललेलं नाही."

झेडपी_बाई

बदलू नका. आणि पायवाट तुम्हीच आखा, खडूने नाही, चुन्याने. अभियंते आले की त्यांना चुन्याच्या रेषेवरून चालवत न्या.

रानवाटा

आजची खबर. मालमत्ता पत्रकासाठी अर्ज दिला. वहीची प्रत काढली, त्यातून माळरानींच्या पद्धतीने यादी करायला दोन बाबा आणि एक आजोबा बसलेत. आजोबा जुने रहिवासी आहेत, त्यांच्याकडे मुंजीच्या अल्बममध्ये उंबराचा फोटो सापडला, मागे उंबर तेव्हाच चांगला थोराड दिसतोय. वस्तीतल्या दोन ताई निवेदनावर सही करायला स्वतः आल्या. दर पावसाळ्यात पाणी कुठल्या पायरीपर्यंत येतं ते त्यांनी भिंतीवर खुणा करून ठेवलंय, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं!

एक काळजी उरते. मोठी मुलं दोन वर्षांत दहावीच्या क्लासांत अडकतील. वही पुढे कोण चालवणार?

झेडपी_बाई

आठ वर्षांची आहेत ना गटात? त्यांना आत्तापासून लिहू द्या, अक्षर कसंही असो. माझ्या शाळेत सातवीचा मुलगा जाताना दुसरीतल्या एकाला घेऊन माळावर एक फेरी मारतो आणि सगळं दाखवतो. आम्ही शिक्षक त्या फेरीत जात नाही.

कायदा_कलम

त्या भिंतीवरच्या पुराच्या खुणांचे फोटो आजच काढा, शेजारी मोजपट्टी धरून. रंगकाम झालं की त्या जातील. ताईंचा जबाब लेखी घ्या, तारखेसकट. सगळ्या कागदांत हा पहिला जोडा.

हरितमित्र

रविवारी सकाळी सात वाजता टेम्पो घेऊन येतो. हातमोजे आणि घमेली आणतो. ढिगात साप असू शकतो, म्हणून मुलांनी ढिगाऱ्यापासून लांब राहायचं.

घाटावरचा

मीही येतो. ढीग हलवताना आधी मी बघेन. सगळ्यांनी बंद बूट.